वडिलांच्या अक्षरात

ज्येष्ठातल्या एका मंगळवारी सकाळी माझे वडील वारले. त्यांनी अंघोळ केली, संध्या केली आणि चहा मागितला. आई चहा घेऊन आली तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. तिने कप खाली ठेवला आणि काकांना हाक मारली.

त्या दिवशी संध्याकाळी ते एक पत्र लिहिणार होते. पत्र माझ्या मित्रासाठी होतं आणि पुण्याच्या एका कॉलेजातल्या प्रोफेसरांना जायचं होतं. ते गेलं तर मित्राला कॉलेज मिळणार होतं, नाहीतर हातमाग. पुढे जे झालं ते त्या न लिहिलेल्या पत्रामुळे झालं, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

मित्रही आता नाही. त्याला जाऊन चार महिने झाले. तो असता तर हे मी लिहिलं नसतं, कारण यातली एक गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती.

सोलापुरातल्या तीस सालच्या मार्शल लॉच्या उन्हाळ्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मित्र साखर पेठेतल्या विणकराच्या घरातला. घरी तेलुगू, पेठेत मराठी, आणि सकाळी आमच्या ओट्यावर वडिलांकडे इंग्रजी. आईबाप लहानपणीच गेलेले. थोरल्या भावाने त्याला वाढवलं. त्याला तो अन्ना म्हणे. मित्र इतका उंच होता की आमच्या दारातून येताना वाकायचा, आणि त्यांच्या मागाच्या खोलीत तर तो सरळ उभा राहिलेला मी कधी पाहिला नाही. त्या वर्षी तो मॅट्रिक झाला. त्यांच्या घरात तोवर कोणी झालं नव्हतं.

मिशनच्या आवारात एका गोऱ्या साहेबांनी दोन खांब रोवून लोहाराकडून घडवलेली लोखंडी कडी वर बसवली होती. खेळाचं नाव बास्केटबॉल. पेठेत त्याला टोपलीचा खेळ म्हणत, आणि टोपलीला बूड नाही हे पाहून बायका हसत. "बूड न्हाय त्यात काय भरायचं रं?" असं एक म्हातारी रोज जाताना विचारी, आणि मित्र रोज तिला "हवा" म्हणून उत्तर देई. मी खेळत नसे. कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसे आणि कोणी किती गुण केले ते लिहून ठेवी.

साहेब त्या वर्षी रजेवर आपल्या देशी गेले होते. त्यामुळे मित्राच्या खेळाबद्दल बोलणारं कोणी राहिलं नव्हतं. पुण्यात वडिलांचे एक जुने मित्र प्रोफेसर होते. दोघांनी एका खोलीत राहून, हाताने स्वयंपाक करून बी. ए. केलं होतं. ते आपल्या कॉलेजात या खेळाचा संघ उभा करत होते. बाहेरगावच्या खेळाडूला वसतिगृहात खोली, खानावळ आणि फीची माफी एवढं ते देऊ शकत. पण बाहेरगावचा मुलगा कसा खेळतो हे त्यांना कळणार कसं? तेव्हा या खेळाच्या बातम्या कुठे छापून येत नसत. म्हणून ते ओळखीच्या माणसाचं पत्र मागत. पत्र असेल त्यालाच चाचणीला मैदानावर उतरू देत. चैत्रात त्यांनी वडिलांना सहज कळवलं होतं की सोलापूरकडून यंदा एकच मुलगा घेता येईल.

त्या एका जागेवर दुसऱ्याचाही डोळा होता. आमच्या गल्लीतल्या वकिलांचा भाचा त्याच आवारात खेळायला येई. वकिलांची मेहुणी प्रोफेसरांच्या शेजारी राहत होती, तेवढ्या धाग्यावर त्यांनी पत्र कधीच लिहून ठेवलं होतं. भाचा वाईट खेळत नसे. फक्त चेंडू हातात आला की तो दुसऱ्या कोणाला दिसत नसे.

वडील मात्र दोन महिने टाळत राहिले. मी मागे लागलो की म्हणायचे, "आज मी त्याच्याकडे एक मुलगा पाठवीन. उद्या तो माझ्या शाळेत एक पाठवील. मग आम्ही मित्र राहणार नाही, दुकानदार होऊ." एका संध्याकाळी मात्र ते छत्री घेऊन मिशनच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. पुस्तकातून मान वर केली तेव्हा मला दिसले. खेळ संपेपर्यंत ते उभे होते आणि कोणाशी न बोलता निघून गेले.

त्यानंतरच्या सोमवारी त्यांनी मित्राला बोलावलं.

"बघितलं मी," ते म्हणाले. "तू उंच आहेस, पण ते काही तू केलेलं नाहीस. ते मी लिहिणार नाही."

मित्र मान खाली घालून उभा होता.

"तू चेंडू देतोस. स्वतःला टाकता येत असताना देतोस. ते लिहीन."

"व्हय, मास्तर."

"उद्या संध्याकाळी ये. आज माझं डोकं दुखतंय. आणि व्हय नाही, हो म्हणायचं. पुण्यात हसतील."

"व्हय. म्हंजे, हो."

वडील हसले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मित्र आला तो स्मशानातच आला. आमच्यापासून दूर, बाभळीखाली उभा राहिला. माझं मुंडण झालं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

बुधवारपासून काकांनी मला कार्डं लिहायला बसवलं. गावोगावच्या नातेवाइकांना, वडिलांच्या मित्रांना कळवायचं होतं. अक्षर माझं चांगलं, कारण ते वडिलांनी घडवलेलं होतं. पाटीवर त्यांच्या अक्षरावरून गिरवून गिरवून माझं अक्षर त्यांच्यासारखंच झालं होतं. पहिल्या कार्डावर मी सवयीने वर मधोमध श्री घातलं. काकांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि फाडलं.

"मरणाच्या पत्रावर श्री घालतात का रे?"

मला ते माहीत होतं. कोऱ्या माथ्याचं पत्र आलं की आमच्याकडे माणसं मजकूर वाचायच्या आधीच खाली बसतात. वाचून झालं की ते फाडतात, घरात ठेवत नाहीत. पण असं पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. दुसरं कार्ड मी तसंच, श्रीशिवाय, सुरू केलं. तीर्थरूप अमुक यांस देवाज्ञा झाली. मग तिसरं. दुपारपर्यंत हाताला सवय झाली. पुण्याच्या प्रोफेसरांचं कार्ड त्याच दिवशी टपालात पडलं.

गुरुवारी सकाळी मित्र आणि त्याचा थोरला भाऊ दारात आले. सुतकातल्या घरात कोणी शिरत नाही, म्हणून ते पायरीखाली उभे राहिले. थोरल्याच्या अंगावर सुताची बारीक कुसळं होती. तो माग सोडून आला होता.

"मास्तर लई चांगले हुते," तो म्हणाला. मग अंगावरची कुसळं झटकत, "एक इचारू का? दुःखात इचारू नये, पर रविवारी पुन्यात खेळ बगनार हाईत म्हनं. शनवारी गाडी धराय पायजे. मास्तरांनी चिट्टी लिवली हुती का?"

"अन्ना, चल की," मित्र मागून म्हणाला.

"तू गप. दोन म्हैने माग मोकळा ठिवलाय म्या ह्याच्यासाटी. चिट्टी असंल तर जा म्हनतो, माझं कायबी म्हननं न्हाय. नसंल तर सोमवारपास्नं मागावर बसायचं. टोपलीत चेंडू टाकून कुनाचं पोट भरलंय?"

तो रागावून बोलत नव्हता. बाजाराचा हिशोब सांगावा तसं सांगत होता. मी मित्राकडे पाहिलं. त्याने धुतलेला सदरा घातला होता.

"लिहिली आहे," मी म्हणालो.

"मंग द्या की."

"वडिलांच्या टेबलात आहे. शोधावी लागेल. उद्या देतो."

मित्राने वर पाहिलं. त्याची नजर माझ्यावर जरा जास्त वेळ राहिली. मला वाटलं, त्याला आनंद झाला आहे.

गिरणीच्या दुपारच्या भोंग्यानंतर घर झोपलं. सुतकात रात्री कोणाला झोप लागत नसे, दुपारीच जो तो आडवा होई. मी कार्डांचा गठ्ठा घेऊन वडिलांच्या टेबलाशी बसलो. त्यांचा टाक, त्यांची दौत, त्यांचा टीपकागद. माझ्या नावाने लिहावं हे मला सुचलंसुद्धा नाही. मी एकोणीस वर्षांचा, डोकं भादरलेला मुलगा. प्रोफेसरांनी मला पाहिलं असेल ते पाळण्यात. ओळख वडिलांची होती आणि ती त्यांच्याबरोबर गेली, असंच मी धरून चाललो होतो. ती एक दिवस मागे नेली तरच चालणार होती. म्हणून मी सोमवारची तारीख घातली.

मजकूर लहान होता. वडील लांबण लावत नसत. मुलगा उंच आहे ते तुला दिसेलच. दिसणार नाही ते असं, की तो स्वतःला टाकता येत असताना चेंडू देतो. याआधी मी तुला कोणाचं नाव सुचवलेलं नाही. खाली सही. सहीतला शेवटचा फाटा ते खाली ओढत, तोही मी तसाच ओढला.

शाई ओली होती तेव्हा काका दारात आले.

"काय लिहितोयस?"

"कार्डं."

मी पत्र गठ्ठ्याखाली सरकवलं होतं. काका जवळ आले आणि त्यांनी गठ्ठा हातात घेतला. खाली पत्र उघडं पडलं. मी त्यावर कोपर ठेवलं. ओली शाई कोपराला लागत असल्याचं मला कळत होतं.

"मैंदर्गीचं झालं का, आत्याचं?"

"झालं."

त्यांनी एकेक कार्ड पाहिलं. मैंदर्गीचं कार्ड हातात येताच ते थांबले. बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. मला वाटलं आता ते काही विचारतील.

"अक्षर अगदी दादाचं," ते म्हणाले. वडिलांना ते दादा म्हणत. त्यांनी गठ्ठा खाली ठेवला, उपरण्याने डोळे पुसले आणि बाहेर गेले.

कोपराने पत्रातली एक ओळ फरफटली होती. मी ते जाळलं आणि दुसरं लिहिलं. दुसरं घाईने लिहिलं.

शुक्रवारी सकाळी मित्र एकटाच आला. हातात द्यायचं नव्हतं, म्हणून मी पाकीट पायरीवर ठेवलं आणि मागे सरलो. त्याने ते उचललं. पाकीट उलटसुलट करून पाहिलं, पण उघडलं नाही. ते बंद होतंच.

"मास्तरांचं?" त्याने विचारलं.

"हो."

"बरं," तो म्हणाला. पाकीट सदऱ्याच्या आत ठेवून त्याने वरून हात फिरवला. "जाऊन येतो मंग."

शनिवारी दुपारी तो पॅसेंजरने गेला. वकिलांचा भाचा त्याच गाडीत होता. भाच्याला पोहोचवायला वकील स्वतः टांग्याने स्टेशनवर गेले होते, आणि याला पोहोचवायला थोरला मागाचा वेळ मोडून गेला होता.

त्याच दिवशी संध्याकाळी काकांना माळशिरसकडच्या एका माणसाचा पत्ता हवा होता. तो वडिलांच्या जुन्या पत्रांत सापडेल म्हणून त्यांनी पेटीतली पत्रं काढून माझ्यापुढे ठेवली. वडील स्वतः लिहिलेल्या पत्रांच्या नकला ठेवत. मी एकेक नक्कल चाळत होतो. चौथी की पाचवी नक्कल उघडली आणि हात तिथेच राहिला. प्रत्येकीच्या माथ्यावर, मधोमध, श्री होतं.

माझ्या पत्रावर नव्हतं. मी डोळे मिटून तो कागद पुन्हा पाहिला. वर कोपऱ्यात तारीख, मग लगेच मजकूर. मध्ये कोरी जागा. दोन दिवस कार्डं लिहून हात तिथून पुढे जायला शिकला होता, आणि मी हाताला विचारलं नव्हतं. सोमवारी, जिवंत माणसाने, आपल्या मित्राला कोऱ्या माथ्याचं पत्र लिहिलं होतं. मंगळवारचं मरण कळवणारं कार्ड त्याआधीच प्रोफेसरांना मिळालेलं होतं. ते पाकीट उघडतील, वर पाहतील, आणि हे पत्र कुठल्या घरात, कुठल्या दिवसांत लिहिलं गेलं ते त्यांना कळेल.

"सापडला का पत्ता?" काकांनी विचारलं.

"सापडेल," मी म्हणालो.

गाडी सुटून तीन तास झाले होते. तार करता आली असती. पण तारेत काय लिहिणार? पत्र दाखवू नकोस असं लिहिलं तर पत्राशिवाय त्याला मैदानावर कोण उतरू देणार? मी सुतकात होतो, घराबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. काकांना सांगावं असं एकदा मनात आलं. पण माझ्या खोटेपणाआधी त्यांनी त्या कोऱ्या माथ्याच्या पत्रालाच अशुभ म्हटलं असतं, हे मला ठाऊक होतं.

रविवारी सकाळी सात वाजता चाचणी होती. सात वाजता मी ओट्यावर बसलो होतो. आठ वाजता बसलो होतो. आईने दोनदा विचारलं, तुला ताप आहे का. मी नाही म्हणालो. दर अर्ध्या तासाने मी मनाशी म्हणत होतो, आता पत्र वाचलं असेल. आणि पुन्हा, अजून वाचलं नसेल.

तो मंगळवारी परत आला. पायरीखाली उभा राहिला.

"न्हाय झालं," तो म्हणाला.

"खेळलास?"

"खेळलो की. चांगला खेळलो."

"पत्र?"

"वाचलं त्यांनी. घडी घालून खिशात ठिवलं."

"काही विचारलं?"

"काय न्हाय." मग हसून, "वकिलाचा भाचा लागला. त्यानं कुनाला चेंडू दिला न्हाय. दिला असता तर माझा खेळ आनखी दिसला असता."

बुधवारपासून तो मागावर बसला.

तेराव्याला प्रोफेसर पुण्याहून आले. वडिलांचे एवढे जुने मित्र म्हणून काकांनी त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. मी वाढत होतो. जेवणं झाल्यावर हात धुताना ते म्हणाले, "परसात चल जरा."

परसात तुळशीपलीकडे आम्ही उभे राहिलो. त्यांनी कोटाच्या खिशातून पत्र काढलं.

"अक्षर त्याचंच आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी हे अक्षर वाचतोय. मला शंकासुद्धा आली नाही. मग वर पाहिलं."

मी खाली पाहत होतो.

"तो गृहस्थ वाण्याची यादी लिहितानासुद्धा वर श्री घालायचा."

"मी लिहिलं," मी म्हणालो.

"ते दिसतंच आहे. त्यानं तुला सांगितलं होतं का हे?"

"सोमवारी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी लिहिणार होते. चेंडू देतो, हे शब्द त्यांचेच आहेत."

"तेही ओळखलं मी. दुसरे लिहितात, मुलगा वाघासारखा खेळतो. वाघ खेळतो का कधी?" ते हसणार होते, पण हसले नाहीत.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. मी धीर करून विचारलं, "मग त्याला का घेतलं नाहीत?"

"मी त्याला विचारलं, पत्र कोणी दिलं. म्हणाला, मास्तरांनी. कधी? सोमवारी संध्याकाळी, त्यांच्या हातानं. पुन्हा विचारलं. तेच. तीन वेळा विचारलं मी, एकट्याला बाजूला घेऊन. त्यानं एकदा जरी म्हटलं असतं की मुलानं दिलं, तर प्रश्न नव्हता. घरात मरण झालंय, पोरानं घाबरून बापाच्या नावानं लिहिलं, एवढं मला कळत नाही का? पण तोंडावर तीनदा खोटं सांगणारा मुलगा मी वसतिगृहात कसा ठेवू? उद्या त्याची हमी कोण देणार?"

त्यांनी पत्राची घडी पुन्हा घातली.

"खेळ पाहिला मी त्याचा," ते म्हणाले. "पाहायला नको होता."

"आणि वकिलांचा भाचा?"

"त्याचं पत्र खरं होतं." एवढं बोलून ते थांबले. "म्हणजे, वकिलांनीच लिहिलेलं होतं."

त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. जाताना म्हणाले, "तू तुझ्या नावानं दोन ओळी लिहायच्या होत्यास. वडील गेले, जाण्याआधी ते असं म्हणाले होते. त्याचा मुलगा लिहितोय एवढं मला पुरे होतं. मी त्याला डोळे मिटून घेतलं असतं." मग दारातून वळून, "पुढच्या वर्षी लिही. पाहू."

सुतक संपलं होतं. दुसऱ्या दिवशी मी साखर पेठेत गेलो. मागाच्या खोलीत खड्ड्यात पाय सोडून तो बसला होता. पाठ वाकलेली, हात चालू. सूत घेऊन धोटा ताण्यातून इकडून तिकडे जात होता. थोरला दुसऱ्या मागावर होता.

"त्यांनी तुला तीन वेळा विचारलं," मी म्हणालो. "तू मला सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं त्यात?"

"खरं का नाही बोललास? मी दिलं म्हणून."

"तू मला मास्तरांची म्हनून दिलीस. मी मास्तरांची म्हनून नेली."

"तुला माहीत होतं?"

धोटा गेला आणि आला. "मास्तर म्हनले हुते, उद्या ये. उद्या उजाडताच ते गेले. तेवढं कळतं की मला."

"मग नेलीस कशाला?"

"तू लिवलीस म्हनून." त्याने तुटलेला धागा बोटाने उचलला, थुंकी लावून जोडला. "आन् तुझं नाव घेतलं असतं तर त्यांनी तुला जाब इचारला असता. बाप गेलेला, डोकं भादरलेलं. लई वाईट दिसलं असतं ते."

"बोलनं झालं असंल तर त्याला काम करू द्या," थोरला पलीकडून म्हणाला. "न्हायतर तुमीबी या खाली, सुताच्या कांड्या भरा."

मित्र हसला. मीही हसलो. त्याने एकदा खरं सांगितलं असतं तर तो पुण्यात असता, हे सांगायला मी गेलो होतो. ते मी सांगितलं नाही. खड्ड्यात बसलेला माणूस वर पाहून हसत असताना ते सांगता आलं नाही, आणि पुढे सांगायला जागा उरली नाही.

पुढच्या वैशाखात मी प्रोफेसरांना माझ्या नावाने लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, पाठव. मी ते मित्राला नेऊन दाखवलं. त्याने वाचलं आणि परत दिलं. त्याचं लग्न ठरलं होतं आणि थोरल्याने तिसरा माग घेतला होता. "आता न्हाय जमायचं," तो म्हणाला. "परत तेच इचारतील, आन् मला परत तेच सांगावं लागंल."

मी वडिलांच्याच शाळेत मास्तर झालो. तो मागावर राहिला. संध्याकाळी कधी मिशनच्या आवारात जाई. साहेब परत आले नाहीत, खांब मात्र बरीच वर्षं उभे होते. आमच्यात कधी भांडण झालं नाही. कधीकधी बोलताना तो मधेच थांबून माझ्याकडे पाही. त्याला काही विचारायचं आहे असं मला वाटे आणि मी दुसरं काही बोलू लागे. आता वाटतं, त्याला काही विचारायचं नसेल. सांगायचं मलाच राहिलं होतं.

यंदा पावसाळा संपताना त्याला विषमज्वर झाला. एकवीस दिवस ताप उतरला नाही. ताप कोणालाही येतो. पुण्यातल्या माणसालाही येतो. हे मी स्वतःला रोज सांगतो आणि ते खरंही आहे. शेवटच्या आठवड्यात मी रोज त्याच्या उशाशी बसत होतो. तो शुद्धीवर असताना दोनदा मी ती परसातली गोष्ट सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्याने पाणी मागितलं, आणि मी पाणी दिलं.

त्याची बायको आता थोरल्याच्या घरी कांड्या भरते. मुलगी तीन वर्षांची आहे. मी पंधरवड्याने एकदा जातो. थोरला माझ्यासाठी खाट टाकतो आणि आम्ही थोडा वेळ बसतो.